माणूस मोजणाऱ्या कौसल्याबाई

कौसल्याबाई माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. समोर येऊन उभ्या राहायच्या, कानामागचा खडू चाचपायच्या, टेप कमरेभोवती टाकायच्या आणि गल्लीतल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आकडा म्हणायच्या. "कंबर छत्तीस. सीट एकेचाळीस." मग एक गुडघा टेकून खाली, पायाच्या घेराशी. "मोहरी साडेसोळा." एखाद्यानं लाजून "बाई, जरा हळू" म्हटलं, तर वर न बघता उत्तर यायचं, "काऊन? चोरीचा माल हाये का?"

तेलंगणातल्या आदिलाबादला भाजी बाजारामागच्या गल्लीत त्यांचं पुरुषांच्या पँट शिवायचं दुकान होतं. फक्त पँट. शर्ट त्यांना कमीपणाचा वाटायचा. "सदरा कोणीबी शिवते. दोन बाह्या लावल्या की झाला." आणि ब्लाऊजचं कापड घेऊन कुणी बाई आलीच तर तिला हातानंच समोरच्या दुकानाकडे वळवायच्या.

मी तिथं काजं करायला होते. माझं माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. सातवीनंतर शाळा नाही. नवरा इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून आला, त्याच्यामागून मी आले. इथली बोली कळायलाही मला वेळ लागला. कुणी "काऊन?", म्हणजे "का?", म्हटलं की वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. अजूनही वाटतं. घरमालकीण जोरात बोलली तरी मी हातातलं काम खाली ठेवते, आणि हे लिहितानाही दोनदा पेन खाली ठेवलाय. पण कौसल्याबाईंवर कुणीतरी लिहायला हवं, आणि या गावातले शिकलेले लिहिणार नाहीत, एवढं मी बघितलंय.

मला त्या "सातारा" म्हणत. "ओ सातारा, चहा मांडा." हाताला काही येत नसलेल्या बाईला त्यांनी काज शिकवलं, त्याच्यावर आज माझ्या घरात भाजी येते. काज हातानंच घालायचं. शेवटाला दोन टाके आडवे, त्यावर एक उभा. "लग्नात जेवलेला माणूस बटन लावते, तवाबी उसवलं नाई पायजे," म्हणायच्या. काज बाईनंच करावं, हे त्यांचं ठाम मत. "बाप्याच्या हातात काज टिकत नाई. त्याइले धीर नसते." मी एकदा भीतभीत म्हटलं, की हे बोलणं समोरच्या ब्लाऊजवाल्या गंगाधर मास्टरसारखंच झालं, बाईनं हे करावं आणि बाप्यानं ते. त्यांनी दातानं दोरा तोडला. "असन. पण माह्यं खरं हाये."

मी कामाला लागले तेव्हा त्यांचे यजमान होते. नारायण मास्टर. दुकानाच्या मधोमध निळा पडदा होता. पडद्याच्या पुढं मास्टर, गळ्यात टेप अडकवून खुर्चीत. पडद्याच्या मागं कौसल्याबाई, कापड, कात्री, मशीन आणि नंतर मी. मास्टर माप घेत आणि आकडे पडद्यावरून आत टाकत. त्यांचा हात फार आधीपासून थरथरायला लागला होता, कात्री धरवत नव्हती. कटिंग बायकोला शिकवलं त्यांनीच, पण इतकी वर्षं कापत होत्या ह्या आणि शिवत होत्या ह्या. गावाला पत्ता नव्हता. गिऱ्हाईक म्हणे, "मास्टर, तुमच्यासारखा हात पुऱ्या जिल्ह्यात नाई." मास्टर तेलुगूत "सरे, सरे", म्हणजे बरं बरं, म्हणत आणि पडद्याकडे तोंड करून खोकत.

"थो खोकला माह्या वाट्याचा," कौसल्याबाई मला हळूच सांगायच्या आणि हसायच्या.

मला हसू यायचं नाही. माणूस वाईट नव्हता. घरी पाणी भरायचा, बायकोचे पाय दुखले की तेल चोळून द्यायचा. पण दुसऱ्याच्या हाताचं कौतुक रोज पुढं बसून गिळायचं आणि बदल्यात खोकायचं, याची मला तेव्हाही शिसारी यायची. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. लिहिलं.

मास्टर एका उन्हाळ्यात गेले. दिवसवार झाले आणि कौसल्याबाईंनी दुकान उघडलं. स्टुलावर चढून पडदा दांडीवरून काढला, घडी घातली आणि मशीन झाकायला ठेवून दिला. खुंटीवरची टेप गळ्यात घातली आणि पुढं, मास्टरांच्या खुर्चीत बसल्या. बस्स, एवढंच केलं. त्याच दिवशी नळावर एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मंगळसूत्र उतरलं अन् टेप चढली." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. या बाईच्या पोरींच्या फ्रॉकला कौसल्याबाई उरलेल्या कापडाची गोट फुकट लावून देत. माझी घागर अर्धीच भरली होती, तशीच उचलून मी घरी आले.

मग एक जुनं गिऱ्हाईक आलं. तहसीलमधला कारकून, वर्षानुवर्षं इथलीच पँट घालणारा. हळहळला, मास्टरांच्या फोटोला नमस्कार केला, आणि कापडाची पिशवी मांडीवर ठेवून विचारलं, "आता कटिंग कोण करून राह्यलं?"

"जे पयले करे तेच."

"म्हंजे?"

"म्हंजे मी."

त्यानं स्वतःच्या अंगावरच्या पँटकडे पाहिलं. आत पाल शिरल्यासारखं पाहिलं. "म्हंजे हे..."

"हे बी."

पिशवी घेऊन तो उठला. नंतर कानावर आलं, बाईनं शिवलेली पँट आमच्या अंगावर इतकी वर्षं चढवली, फसवणूक झाली, असं तो ऑफिसात सांगत फिरला. इतकी वर्षं त्याला कुठं टोचली नव्हती. आणि आधी माप तरी मास्टर घ्यायचे, आता मापही बाईच घेणार म्हटल्यावर तर गल्लीचं तोंडच सुटलं. कोण पोरंसोरं आली, कापड नसताना "बाई, माप घ्या" म्हणून एकमेकांना ढकलू लागली. सकाळी दुकान उघडायला जावं तर पायरीवर, दारावर गुटख्याच्या पिचकाऱ्या. मी नाक दाबून उभी राहायची. कौसल्याबाई बादली घेऊन खराट्यानं घासायच्या. "गिऱ्हाईक नाई आलं त नाई," म्हणायच्या, "त्याचं तोंड त येऊन गेलं."

त्यांचा एकच नियम होता. माप दारात, उजेडात, रस्त्याला दिसेल असं घेणार. "आडोसा ज्याले लागते त्यानं दुसरं दुकान पाहावं." समोर गंगाधर मास्टरचं लेडीज टेलरचं दुकान. तिथं दिवसभर गावातल्या पोरी-बाया जायच्या, फुलाफुलांच्या पडद्याआड मास्टर त्यांची मापं घ्यायचा, दंडाची, छातीची, पाठीची. त्याचे वडीलही हेच करत. त्यात कुणाला कधी काही दिसलं नाही. "त्याचा पडदा काढा म्हून कोणी सांगत नाई," कौसल्याबाई टेप गुंडाळत म्हणायच्या, "अन् माह्या लावा म्हंतात."

आता सरांचं सांगते. सर म्हणजे आमच्या मराठी शाळेतले, भाषण छान करणारे. महिला दिनाला त्यांनी कौसल्याबाईंना शाळेत बोलावलं, मीही गेले. सर बोलले, पुरातन काळी बाईला काय काय नाकारलं, कोणत्या देशात कोणतं काम बाईचं आणि कोणत्या देशात तेच काम पुरुषाचं, हे सगळं माणसानं ठरवलेलं आहे, देवानं नाही. मला खरंच भरून आलं. मला वाटलं, बघा, शिकलं की असं बोलता येतं. मग शाल, नारळ, टाळ्या, फोटो. कौसल्याबाईंनी शाल बोटांत धरून कापड तपासलं. "पॉलिस्टर," माझ्या कानात म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी सरांच्या मिसेस मागच्या दारानं आल्या. पिशवीत सरांची जुनी पँट आणि नवं कापड. "सर म्हणत होते, माप यावरूनच घ्या. ते तिथं येऊन उभं राहायचं म्हणजे... शाळेतली मुलं बघतात."

कौसल्याबाईंनी पिशवी परत त्यांच्या हातात दिली. "मी जुनी पँट मोजत नाई. माणूस मोजते. सरांले म्हना, शाल पांघरायले आले तसेच या."

सर आले नाहीत. गल्लीतून जाताना मात्र अजूनही म्हणायचे, "बाई, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." खरंच, कायम पाठीशीच. मला त्या कारकुनाची जेवढी किळस आली त्याच्यापेक्षा सरांची जास्त आली, कारण कारकुनाच्या बोलण्यानं मला कधी रडू आलं नव्हतं.

पावसाळा गेला आणि टेलर लोक फैसला घेऊन आले. गंगाधर मास्टर पुढं, बाकीचे मागं, आणि आमच्या दुकानाच्या जागेचे मालक पोशेट्टी शेठ सोबत. शेठ तेलुगू माणूस, मराठी समजायचे, बोलायचे हिंदीत. गंगाधर मास्टरनं खूप गोड आवाजात सांगितलं, "वयनी, कोणी तुमाले काम बंद करा नाई म्हनून राह्यलं. पँटच शिवा. पन पडदा लावा. सामोर एखादा बाप्या बसवा. थो माप घेईन, तुमी आत कापा. पयले चालेच ना असं?"

"कोन्ता बाप्या?"

"कोनीबी. म्हातारा असन त बी चालते."

"शिवता आलं पायजे का त्याले?"

"नाई, नाई. नुसता बसला पायजे."

कौसल्याबाई माझ्याकडे वळल्या. "सातारा, तुमचा नवरा रिकामा हाये का वो?"

कुणी हसलं नाही. शेठ म्हणाले, "अम्मा, लग्नसराईतक देखो. पडदा लगा दो, नहीं तो दुकान खाली कर दो." हिंदी सगळ्यांना कळली. पडदा किंवा दुकान, आणि त्यासाठी लग्नसराई संपेपर्यंतची मुदत.

मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे की. पडद्यानं काय अंगाला भोकं पडतात?" मी भाकरी थापत राहिले. कौसल्याबाईंचं दुकान गेलं तर माझंही काम जाणार होतं, आणि तरीही पडदा पुन्हा लागावा असं मला वाटत नव्हतं. मला असं काही ठाम वाटतं, हेच मला नवीन होतं.

लग्नसराईत गंगाधर मास्टरच्याच मुलाचं लग्न निघालं. हा मुलगा, किशोर, लहानपणी पडला होता. त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, कमरेची एक बाजू वर. रेडिमेड पँट त्याला घातली की तो लंगडतो हे लांबून दिसायचं. शाळेपासून त्याची प्रत्येक पँट नारायण मास्टरांकडची, म्हणजे कौसल्याबाईंच्या हातची. त्या एका बाजूची लांबी आणि सीट अशी काही कापायच्या, की तो उभा राहिला की सरळ दिसायचा. गंगाधर मास्टर स्वतः टेलर, पण ब्लाऊजवाला. त्याच्या हातून ते होणारं नव्हतं, आणि हे त्याला माहीत होतं.

आधी त्यानं बायकोला पाठवलं. "जुनं माप असनच ना तुमच्यापाशी?"

"पोराची कंबर वाढली," कौसल्याबाई म्हणाल्या. "सामोर उभा करा."

मग स्वतः आला, दुकान बंद करायच्या वेळी. "वयनी, विधवेच्या हातचे कपडे नवरदेवाले... समजून घ्या. माप इथं घेतलं त पाव्हन्यांत बोभाटा होईन. आत घेऊ, पडद्याआड. मंग कोनाले समजन?"

"तुमी पडद्याआड घेता, म्हून सारे तसेच घेतात वाटते का?" त्यांनी कात्री पुसली. "सामोर."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी किशोर एकटाच आला. आपणहून. दारात, उजेडात उभा राहिला. गल्ली थांबली. समोरच्या दुकानातून त्याचा बाप बघत होता, गळ्यात त्याचीही टेप. कौसल्याबाईंनी आकडे मोठ्यानं म्हटले, पण दोन पायांच्या लांबीचे आकडे आले तेव्हा आवाज एवढा खाली आणला, की मलाच वाकून ऐकावं लागलं. उठताना त्यांनी पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"पोरगी पसंत हाये ना तुले?"

"हाये, काकू."

"मंग सरळ उभा राहा. पाठ नको वाकवू."

ती पँट त्यांनी जशी शिवली तशी मी दुसरी पाहिलेली नाही. काज मी केलं, दोनदा उसवून पुन्हा केलं. पोचवायलाही मीच गेले. गंगाधर मास्टरच्या घरी मांडव घातला होता. त्याच्या बायकोनं पँट माझ्या हातातून घेतली नाही, सूप पुढं केलं, "याच्यात टाका." मग घरातल्या बायांनी ते सूप तुळशीपाशी नेलं, आणि माझ्यादेखत, तांब्यातून गोमूत्र घेऊन त्या पँटवर शिंपडलं. शिंपडलं म्हणजे चांगलं ओतलं. इस्त्रीची घडी ओली होऊन बसली. वास माझ्या नाकात गेला. गंगाधर मास्टर तिथंच पाट मांडत होता. किशोर ओट्यावर होता, त्यानं पाहिलं, आणि मोबाइल काढून त्यात बघायला लागला. पुढं लग्नात तीच पँट घालून तो सरळ चालला, नाचला, बोहल्यावर उभा राहिला.

त्या दिवशी मी तिथं न जेवताच निघाले. दुकानात आले, कौसल्याबाई वाट बघत होत्या. मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. सगळं सांगितलं, सूप, तांब्या, सगळं.

त्यांनी टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, "दोनी पाय भिजवले का एकच?"

"काय?"

"एकच पाय भिजला असन त थो आटंन. मंग पोरगं लंगडते दिसन ना वो."

मला तेव्हा जे रडू आलं ते आजही लिहिताना येतंय. त्यांना खरोखर तेवढीच काळजी होती.

लग्नसराई संपली. पोशेट्टी शेठकडे जाऊन मुदतीची आठवण कुणी करून दिली, हे मला शेठच्या नोकराकडून कळलं. गंगाधर मास्टरनं. मुलाच्या लग्नाचे लाडू घेऊन गेला होता. शेठ आले तेव्हा कौसल्याबाईंनी मशीनवरचा निळा पडदा झटकला, त्यात कात्र्या, खडू, पट्ट्या बांधल्या आणि गाठोडं करून रिक्षात ठेवलं. पडदा दांडीवर पुन्हा चढला नाही. जाताना माझ्या हातात त्यांची काजाची छोटी कात्री दिली. "गुडीहत्नूरले जातो, हायवेवर. टायरच्या दुकानाबाजूले जागा हाये. येजा तिकडं."

नवऱ्यानं नाही म्हटलं. हायवे, ट्रकवाले, बाईमाणसाचं काम नाही तिथं. मी आता घरी बसून एका रेडिमेडवाल्याच्या पँटांची काजं करते.

मागच्या महिन्यात वडिलांना बघायला साताऱ्याला निघाले, पहिला टप्पा निर्मलच्या बसनं. इथं बायांना सरकारी बस फुकट, म्हणून आधार कार्ड दाखवून झिरो तिकीट घेतलं, खिडकीजवळच्या एकेरी सीटवर जागा मिळाली. बस बायांनी भरली होती, पुरुष मधे उभे. माझ्या तोंडासमोर एकाचं पोट. तो चढल्यापासून बोलत होता, "फुकट हाये त उठल्या अन् निंगाल्या. घरी काम नाई याइले. आमी पैसे देऊन उभे." ड्रायव्हर हसला. बाया खिडकीबाहेर बघत होत्या.

गुडीहत्नूरला बस थांबली. टायरच्या दुकानाबाजूला पत्र्याखाली मला मशीन दिसलं. त्याच्या पुढं एक दाढीवाला, पगडी बांधलेला ट्रकवाला दोन्ही हात पसरून शिस्तीत उभा होता, आणि त्याच्या पायाशी एक गुडघा टेकून कौसल्याबाई. केस जास्त पांढरे झाले होते. आकडा लिहून घ्यायला बाजूला कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं म्हणून स्वतःच खडूनं पत्र्यावर लिहीत होत्या. ट्रकवाला म्हणाला, "मास्टरजी, थोड़ी ढीली रखना." त्यांनी वर पाहिलं नाही. मी काच सरकवायला गेले, ती अडकलेली होती.

पोटवाल्यानंही ते पाहिलं. "पाह्य, पाह्य," बाजूच्याला म्हणाला, "बाई बाप्याच्या कमरेले कशी झोंबली हाये. लाज नाई राह्यली." आणि पोट हलेपर्यंत हसायला लागला.

त्याच्या पँटचं बटण माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होतं. मी काजाकडे पाहिलं. शेवटाला दोन टाके आडवे, त्यावर एक उभा. माझंच. बस सुटली, तो हसतच होता, पोट पुढं येत होतं, बटण ताणलं जात होतं. काज काही उसवलं नाही.